सूक्ष्माच्या शोधाचे मोल

स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीवर, जिनिव्हा शहराच्या आसमंतात, ९१ किलोमीटर परिघाचे एक वर्तुळाकार भुयार खोदावे की न खोदावे, याचा खल यूरोपातील राष्ट्रे करीत आहेत. 'सर्न' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या यूरोपीय संशोधन संस्थेने या भुयाराच्या शक्याशक्यतेचा अहवाल ३१ मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध केला. जमिनीखाली सरासरी २०० मीटर खोलीवरचे हे भुयार आणि त्यात बसवावयाचे पहिले यंत्र यांचा खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक धरण्यात आला आहे. अंतिम निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. पहिले यंत्र चालू होईल ते २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्याच भुयारात बसवावयाचे दुसरे, कितीतरी अधिक शक्तिमान यंत्र २०७० च्या दशकात. म्हणजे ज्यांनी हा आराखडा काढला त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचे अखेरचे फळ पाहावयास मिळणार नाही. आजोबाने फणस लावावा आणि गरे नातवाने खावेत, अशातलाच हा प्रकार आहे.

एवढा पैसा आणि एवढा काळ कशासाठी, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाच्या मनात उठेल. जगात भूक आहे, रोगराई आहे, पाण्याची टंचाई आहे. अशा जगात डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या कणांमागे अब्जावधी रुपये का घालावेत? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. तो विचारणाऱ्याला विज्ञानाचा शत्रू ठरवून गप्प बसविणे हा मात्र उद्धटपणा होईल. या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते सामान्य वाचकाला उमजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच नेहमीचे राजकीय विषय क्षणभर बाजूस ठेवून आज आम्ही या विषयाकडे वळत आहोत.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. कोलायडर म्हणजे कणांची टक्कर घडवून आणणारे यंत्र. विद्युत्भारित कणांच्या दोन शलाका विरुद्ध दिशांनी प्रकाशाच्या वेगाच्या अगदी निकट नेऊन त्यांना ठराविक जागी समोरासमोर आदळावयास लावणे, हे त्याचे काम. ऊर्जेचे वस्तुमानात रूपांतर होते हा आइनस्टाइनचा सिद्धान्त आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. टक्करीची ऊर्जा जितकी अधिक, तितके अधिक जड कण त्यातून निर्माण होऊ शकतात. विश्वाच्या आरंभीच्या क्षणी जे कण सर्वत्र होते आणि आज निसर्गात सहजी आढळत नाहीत, ते या रीतीने पुन्हा क्षणमात्र जन्मास घालता येतात. सर्नचे सध्याचे यंत्र, 'लार्ज हेड्रॉन कोलायडर', २७ किलोमीटर परिघाचे आहे. त्यात शलाका वळविणारी १,२३२ मुख्य अतिसंवाहक चुंबके असून ती उणे २७१ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवावी लागतात.

याच यंत्रावर हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली. पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेर यांनी १९६४ मध्ये केवळ कागदावर मांडलेल्या कल्पनेला ४८ वर्षांनी पुरावा मिळाला आणि १९१३ नव्हे, १८१३ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत, २०१३ साली, त्या दोघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्याकडील वृत्तपत्रांनी या कणाला 'देवकण' म्हणून डोक्यावर घेतले. वस्तुतः त्याचा देवाशी काही संबंध नाही आणि शास्त्रज्ञांना हे नाव रुचतही नाही. भारताशी मात्र त्याचा संबंध आहे, तो त्याच्या आडनावात. बोसॉन हा शब्द सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आला. इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांना वस्तुमान का असावे, याचे उत्तर हिग्जशी निगडित असलेल्या क्षेत्रात आहे. इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसते तर अणू बनला नसता. अणू नसता तर ना माड असता, ना समुद्र, ना त्याच्या काठी वसणारा माणूस.

मग आता उरले काय? उरले आहे ते पुष्कळ. मूलकणांविषयीचा जो सिद्धान्त 'स्टँडर्ड मॉडेल' म्हणून ओळखला जातो, त्याचे चित्र हिग्जच्या शोधाने पुरे झाले. परंतु हे चित्र विश्वाच्या फारच थोड्या भागाचे आहे. आकाशगंगांच्या भ्रमणावरून असे दिसते की, विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे पाच षष्ठांश द्रव्य कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही. या कृष्णद्रव्याचे कण कोणते, हे स्टँडर्ड मॉडेल सांगत नाही. आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारख्याच प्रमाणात जन्मले असेल, तर प्रतिद्रव्य गेले कोठे आणि आपण उरलो कसे, हेही ते सांगत नाही. न्यूट्रिनोला वस्तुमान का आहे, याचा उलगडा त्यात नाही. खुद्द हिग्जविषयीही, तो एकटाच आहे की त्याला भावंडे आहेत, तो स्वतःशी कशा रीतीने परस्परक्रिया करतो, या गोष्टी अजून नीट मोजल्या गेलेल्या नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सध्याचे यंत्र बांधले गेले तेव्हा शास्त्रज्ञांच्या हाती एक प्रकारची हमी होती. त्या ऊर्जेच्या टप्प्यात हिग्ज तरी सापडेल, नाही तर त्याच्या जागी दुसरे काही तरी सापडेलच, असे गणितच सांगत होते. नव्या यंत्राच्या बाबतीत तशी हमी नाही. हिग्जखेरीज आणखी नवे मूलकण सापडतील ही अनेकांची आशा सध्याच्या यंत्राने आजवर पुरी केलेली नाही. नव्या भुयारात कृष्णद्रव्याचा कण हमखास गवसेल असे कोणी सांगू लागल्यास, त्याने आपल्या पदरचे सांगितले असे समजावे. 

तथापि हमी नाही म्हणजे प्रयोजन नाही, असा अर्थ कोणी काढू नये. विज्ञानात सूक्ष्म मोजमापाला शोधाइतकेच महत्त्व असते. युरेनस ग्रहाच्या कक्षेत किंचित फरक पडतो हे ज्योतिर्विदांनी काटेकोरपणे मोजले, म्हणून ल व्हेरिये या फ्रेंच गणितज्ञाला न पाहिलेल्या ग्रहाची जागा सांगता आली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. कणांच्या जगातही हेच घडले आहे. सध्याच्या २७ किलोमीटरच्या भुयारात १९८९ ते २००० या काळात 'लेप' नावाचे यंत्र होते. त्यात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर होत असे. त्यावर झेड नावाचे सुमारे १ कोटी ७० लाख कण निर्माण करून अभ्यासले गेले. त्या मोजमापांवरून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच आहेत हे निश्चित झाले, आणि अमेरिकेत १९९५ मध्ये प्रत्यक्ष सापडलेल्या 'टॉप क्वार्क'चे वस्तुमान साधारण किती असावे याचा अंदाज आधीच बांधता आला. नव्या भुयारातील पहिले यंत्रही इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचेच असावयाचे आहे. त्यात झेड कण लक्षावधी कोटींच्या संख्येने आणि हिग्ज कण वीस लाखांहून अधिक संख्येने मिळतील, असा हिशेब आहे. इतक्या कणांच्या अभ्यासात सिद्धान्त आणि निरीक्षण यांत तिळाएवढा फरक जरी निघाला, तरी तो न दिसणाऱ्या एखाद्या कणाची चाहूल ठरेल.

आता अडचणींकडे वळू. कारण त्यांचा विचार न करता केलेली स्तुती फुकट असते. इलेक्ट्रॉनला वर्तुळात फिरविले की तो प्रकाशकिरण सोडून आपली ऊर्जा गमावतो. ऊर्जा दुप्पट केली तर हा ऱ्हास सोळापट होतो. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड असल्याने त्याच वर्तुळात, त्याच ऊर्जेला त्याचा ऱ्हास दहा लाख कोटी पटींहूनही कमी असतो. पण इलेक्ट्रॉनची सुटका नाही. वळण जितके सौम्य तितका ऱ्हास कमी, म्हणून तर भुयाराचा परीघ एवढा मोठा ठरविण्यात आला. तरीदेखील या यंत्रात दोन्ही शलाका मिळून १०० मेगावॉट शक्ती अखंड प्रकाशरूपाने वाया जाईल आणि ती तितक्याच अखंडपणे भरून काढावी लागेल. त्यासाठी लागणाऱ्या अतिसंवाहक पोकळ्या अल्प विजेत चालाव्यात, हा अभियंत्यांपुढील मोठाच प्रश्न आहे.

या यंत्रांची नाजुकता किती असते याचे एक उदाहरण किनारपट्टीवरच्या वाचकांना विशेष रुचेल. आपल्या खाड्यांना भरती-ओहोटी आणणारा चंद्र जिनिव्हाच्या खडकालाही किंचित ताणतो आणि सैल सोडतो. त्यामुळे २७ किलोमीटरच्या लेप यंत्राचा परीघ सुमारे एका मिलिमीटरने कमीअधिक होई आणि तेवढ्यानेही शलाकेची ऊर्जा बदललेली मोजमापांत दिसे. जवळून धावणाऱ्या विजेच्या आगगाड्यांच्या भटक्या प्रवाहाचाही परिणाम त्यात उमटत असे. नव्या यंत्रात याहून कितीतरी पट सूक्ष्म मोजमाप साधावयाचे आहे, आणि तेही तिप्पट लांबीच्या भुयारात.

दुसऱ्या टप्प्यातील यंत्र प्रोटॉनचे. तेथे अडचण निराळी. वेगवान प्रोटॉनला वर्तुळात धरून ठेवण्यास चुंबक जबर लागते. सध्याची चुंबके ८.३ टेस्ला क्षमतेची, नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची आहेत. नव्या यंत्राला सुमारे १४ टेस्लाची, शक्य झाल्यास त्याहूनही प्रबळ चुंबके हवीत. ती नायोबियम आणि कथील यांच्या संयुगाची करावी लागतील. हे संयुग काचेसारखे ठिसूळ. म्हणून तारेची वेटोळी आधी घालून मग ती भट्टीत सुमारे ६५० अंशांपर्यंत तापवावी लागतात, तेव्हा कुठे ते संयुग बनते. अशी काही चुंबके सर्नने सध्याच्या यंत्राच्या वाढीव आवृत्तीसाठी तयार केली आहेत; पण हाताच्या बोटांवर मोजता येतील अशी चुंबके करणे वेगळे आणि हजारोंच्या संख्येने, एकसारखी, परवडणाऱ्या किमतीत करणे वेगळे. हे साधले तर टक्करीची ऊर्जा सध्याच्या १३.६ वरून सुमारे ८५ टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाईल. त्या शलाकेत साठलेली ऊर्जा एवढी प्रचंड असेल की ती क्षणभर जरी वाट चुकली तरी यंत्राला भोक पडावे.

हा बागुलबुवा नव्हे. सध्याचे यंत्र १० सप्टेंबर २००८ रोजी मोठ्या समारंभाने सुरू झाले आणि अवघ्या नऊ दिवसांनी दोन चुंबकांमधील विजेचा एक सांधा सदोष निघाला. ठिणगी उडाली, सुमारे सहा टन हेलियम भुयारात पसरला, ५३ चुंबके बाहेर काढावी लागली आणि यंत्र पुन्हा चालू होण्यास एक वर्षाहून अधिक काळ लोटला. हजारो सांध्यांपैकी एक कच्चा राहिला की काय होते, याचा तो धडा होता. सर्नने तो लपविला नाही, चौकशी करून जगापुढे मांडला, हे त्या संस्थेला भूषणावह आहे.

दुसरे मार्गही लोक शोधीत आहेत. जपानमध्ये वर्तुळाऐवजी सरळ रेषेतील यंत्राचा आराखडा २०१३ पासून तयार आहे. सरळ रेषेत वळणच नसल्याने किरणांचा ऱ्हास टळतो. परंतु जपान सरकारने अद्याप खर्चाची जबाबदारी उचललेली नाही. चीनने १०० किलोमीटर परिघाच्या यंत्राचा तांत्रिक आराखडा केला आहे. पण खुद्द चेन-निंग यांग या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञानेच, देशापुढे अधिक निकडीचे प्रश्न आहेत असे सांगून, २०१६ मध्ये त्याला जाहीर विरोध केला होता. अमेरिकेतील शास्त्रज्ञांना म्युऑन या कणाची ओढ लागली आहे. तो इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड असल्याने फारसे किरण सोडीत नाही आणि म्हणून लहान वर्तुळातही त्याला मोठी ऊर्जा देता येईल. फक्त तो स्थिर असता सेकंदाच्या सुमारे २.२ दशलक्षांश... अधिक सोप्या शब्दांत, सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील जेमतेम दोन भाग जगतो. तेवढ्या अवधीत त्याला गोळा करावयाचे, शिस्तीत आणावयाचे आणि वेग द्यावयाचा! वेगाने त्याचे आयुष्य लांबते खरे, परंतु हे शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे.

अमेरिकेच्या इतिहासात या विषयावर एक दुःखद प्रकरण नोंदलेले आहे. टेक्सास राज्यात ८७ किलोमीटर परिघाचे यंत्र बांधावयास घेतले होते. आरंभी ४.४ अब्ज डॉलर सांगितलेला खर्च ११ अब्जांच्या वर गेला आणि १९९३ च्या ऑक्टोबरात तेथील काँग्रेसने ते काम बंद पाडले. तोपर्यंत सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडले होते आणि बावीस किलोमीटरांहून अधिक भुयार खोदून झाले होते. खर्च कमी सांगून काम मंजूर करून घ्यावयाचे आणि मग आकडा फुगत न्यायचा, ही चाल आपल्याकडील धरणांच्या बाबतीत आपण पुष्कळ पाहिली आहे. शास्त्रज्ञांनी तरी तिचे अनुकरण करू नये. जर्मन शासनाने २०२४ मध्ये सर्नच्या नव्या योजनेच्या खर्चाविषयी जाहीर साशंकता व्यक्त केली. यूरोपीय धोरण-गटाने डिसेंबर २०२५ मध्ये याच यंत्राची शिफारस केली असली, तरी पैसा कोण किती देणार हा प्रश्न शिफारशीने सुटत नाही.

हरकती आणखीही आहेत. सर्नला वर्षाला सुमारे १.३ अब्ज युनिट वीज लागते. २०२२ मध्ये यूरोपात विजेची चणचण निर्माण झाली तेव्हा संस्थेला आपली यंत्रे वर्षअखेरीस दोन आठवडे आधी थांबवावी लागली. नव्या भुयारातून कित्येक दशलक्ष घनमीटर माती-दगड निघणार. ते टाकावयाचे कोठे, असे तेथील काही नागरिक विचारीत आहेत. खाणींच्या मातीचे ढीग पावसाळ्यात शेतांत उतरताना पाहिलेल्या गोव्याला या प्रश्नाची धार समजावून सांगावयास नको. स्वित्झर्लंड-फ्रान्ससारख्या सुस्थित देशांतही शास्त्राच्या नावावर लोकांची संमती गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे तामिळनाडूतील थेनी येथे व्हावयाची न्यूट्रिनो वेधशाळा याच कारणाने वर्षानुवर्षे अडकून पडली. प्रयोग धोकादायक नव्हता, असे शास्त्रज्ञ आजही सांगतात. पण ते लोकांना त्यांच्या भाषेत, वेळेवर आणि बरोबरीच्या नात्याने सांगितले गेले नाही, याची किंमत मोजावी लागली.

या हरकतींना प्रवर्तक सामान्यतः उपयुक्ततेचे उत्तर देतात. ते खोटे नाही. आज घरोघर पोचलेले माहितीचे विश्वजाल सर्नमध्येच टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये कल्पिले आणि संस्थेने ते १९९३ मध्ये कोणतेही मूल्य न घेता जगाला खुले केले. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणारी यंत्रे ही या महायंत्रांचीच धाकटी भावंडे होत. पण केवळ अशा आनुषंगिक लाभांवर या यंत्राचे समर्थन उभे करणे आम्हांस पटत नाही. तेवढेच हवे असेल तर तो पैसा सरळ रुग्णालयांसाठी द्यावा. खरे समर्थन असे की, आपण कशाचे बनलो आहोत हे जाणण्याची इच्छा ही माणसाच्या माणूसपणाचाच भाग आहे, आणि १५ अब्ज फ्रँक अनेक श्रीमंत राष्ट्रांत सुमारे बारा वर्षांवर वाटले असता तो भार न पेलणारा राहत नाही. जगातील राष्ट्रे शस्त्रास्त्रांवर याच्या कित्येक पट रक्कम एकेका वर्षात उधळीत असतात.

आणि येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५४ हे वर्ष गोमंतकीयांना दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीमुळे स्मरते. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्नची स्थापना झाली. महायुद्ध संपून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. एकमेकांची शहरे बेचिराख करणारी राष्ट्रे त्या बारा संस्थापकांत एकत्र बसली होती. लष्करी कामाशी संबंध ठेवावयाचा नाही आणि संशोधनाचे निष्कर्ष खुले करावयाचे, असे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. युक्रेन युद्धामुळे रशियाशी असलेला सहकार्याचा करार २०२४ च्या नोव्हेंबरात संपुष्टात आला, तेव्हा राजकारणाची झळ तेथेही पोचते हे दिसले. तरीही राष्ट्राराष्ट्रांत भिंती उंच होत असताना असे एक सामाईक अंगण टिकणे, हे आमच्या मते त्या भुयारातून निघणाऱ्या कोणत्याही कणाइतकेच मोलाचे आहे.

या अंगणात भारताचे स्थान परक्याचे नाही. १६ जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सध्याच्या यंत्रातील प्रचंड चुंबके ज्या अचूक आधार-जॅकवर उभी आहेत, ते सात हजारांहून अधिक जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या पुढाकाराने भारतातूनच गेले. इंदूरच्या मराठी वाचकांना हे केंद्र शेजारचे. त्याच केंद्रात 'इंडस-१' आणि 'इंडस-२' ही देशी यंत्रे इलेक्ट्रॉनच्या त्याच वाया जाणाऱ्या प्रकाशाचा उपयोग संशोधनासाठी करून घेत आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हिग्ज शोधणाऱ्या एका शोधक यंत्राच्या बांधणीत भाग घेतला. सर्नच्या आवारात २००४ पासून उभी असलेली नटराजाची मूर्ती ही भारताचीच भेट. मूर्ती दिली हे चांगलेच झाले; पण आपली खरी ओळख तेथे त्या जॅकनी करून दिली, असे आम्ही म्हणू.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. नव्या यंत्राचा पहिला टप्पा, म्हणजे हिग्जचा बारकाईने अभ्यास करणारे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र, जगाने बांधावे. दुसऱ्या टप्प्याचे वचन मात्र आजच कोणी कोणाकडून घेऊ नये. चुंबके सिद्ध होतील आणि पहिल्या यंत्राचे निष्कर्ष हाती येतील, तेव्हा त्या काळच्या पिढीने तो निर्णय घ्यावा. भारत सरकारने २०२८ ची वाट पाहत स्वस्थ न बसता, आपला वाटा कोणता व किती असावा याची चर्चा संसदेत आणि विद्यापीठांत आताच सुरू करावी. तो वाटा रोख रकमेपेक्षा चुंबके, पोकळ्या व शोधक यंत्रे यांच्या रूपाने द्यावा, म्हणजे पैसा आणि कसब दोन्ही देशात राहतील. आणि शेवटची गोष्ट आपल्या शास्त्रज्ञांसाठी. ते काय करू इच्छितात हे त्यांनी मराठीतून, कोकणीतून, कानडीतून लोकांना सांगावे. त्या यंत्रावर काम करणारी मुले आज प्राथमिक शाळेत आहेत, काही तर जन्मावयाची आहेत. ती म्हापशाची असतील, बेळगावची असतील, इंदूरची असतील. आपल्यासाठीही तेथे दार उघडे आहे, हे त्यांना आपल्या भाषेत कोणी तरी सांगावयास हवे.